देवीपुढे ऊद घालावा की गुग्गुळ? धूपद्रव्यांचा इतिहास, विधी आणि घडण

तेरणाकाठ (जि. धाराशिव) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावात देवीचे जुने ठाणे असून मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात रोज सायंकाळी आरतीपूर्वी धुपाटण्यात गोवऱ्यांचे निखारे घेऊन त्यावर ऊद घालण्याची पद्धत आहे. आरतीनंतर त्याच धुपाटण्यातील राख अंगारा म्हणून कपाळाला लावली जाते. तुळजापूरला नित्यक्रमात धूपारती आणि अंगारा आहे, त्याच वळणाने आमच्याकडेही हे चालत आले असावे, असे जाणती माणसे सांगतात.

यंदाच्या बैठकीत मात्र असा विचार पुढे आला की ऊद दर्ग्यात आणि मोहरमच्या सवारीपुढे घालतात, तो बाहेरून आलेला आहे, म्हणून देवीपुढे फक्त गुग्गुळच जाळावा. काहींनी उदबत्तीही बंद करण्याचा आग्रह धरला, कारण बांबू तिरडीला लागतो आणि तो देवापुढे जाळणे त्यांना मान्य नाही. त्यावर तोडगा म्हणून बिनकाडीचा धूप गावातच तयार करावा असे ठरले, परंतु पहिल्या खेपेच्या बत्त्या वाळल्यावर हातात घेताच भुरभुरल्या आणि ज्या टिकल्या त्या अर्ध्यावर विझल्या.

ऊद, धूप, राळ आणि गुग्गुळ ही द्रव्ये नेमकी कोणती, त्यांचा आपल्या भागाशी संबंध केव्हापासूनचा, आणि बत्ती बांधण्याची योग्य रीत कोणती, हे जाणकारांनी सांगावे. वादासाठी विचारत नाही. बैठकीत बोलताना हाती काही आधार असावा, एवढाच हेतू आहे.

पैठणचा वाचक

आपण विचारलेल्या पहिल्या भागाबद्दल लिहितो; बत्ती बांधण्यातले मला कळत नाही.

आपल्या भागाचा सुगंधी द्रव्यांच्या व्यापाराशी असलेला संबंध दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा पुरावा दगडात कोरलेला आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील चैत्यगृहाच्या एका स्तंभावर ब्राह्मी लिपीत दानलेख आहे, त्यात पैठणच्या गंधिक कुळातील मितदेव याने तो स्तंभ दान दिल्याचे म्हटले आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यवहार करणारा. इसवी सनापूर्वीच्या काळात पैठणमधला असा एक व्यापारी डोंगरातील बौद्ध लेण्यासाठी खांबाचा खर्च उचलतो, यावरून त्या धंद्याची ऐपत लक्षात यावी.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील तेर, ही दख्खनमधील दोन मोठी व्यापारी ठिकाणे म्हणून येतात. पैठण गुजरातच्या किनाऱ्यावरील भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तेथून पूर्वेस दहा दिवसांवर असल्याचे त्यात नोंदले आहे. भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात जटामांसी, कुष्ठ (कोष्ठ ही सुगंधी मुळी) आणि गुग्गुळ आहे, तर बाहेरून येणाऱ्या मालात शिलारस हा सुगंधी निर्यास आहे. तेव्हा धूपद्रव्यांची ने-आण दोन्ही दिशांनी चालू होती, आणि तेरचे लोक त्या वाटेवर होते.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्यापासून फारसे दूर नाही. त्या ग्रंथात राजाच्या उपभोगांच्या यादीत स्नान, तांबूल, विलेपन यांच्या जोडीला धूपभोग हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि चूर्ण, गोळी व वात अशा रूपांतल्या धूपांची कृती तेथे सांगितली आहे. म्हणजे वातीच्या आकाराचा धूप नवा नाही; बांबूच्या काडीवर लेप वळवून हजारोंनी विकली जाणारी आजची उदबत्ती मात्र प्रामुख्याने विसाव्या शतकात म्हैसूर-बंगळूरकडे वाढलेला उद्योग आहे. तिला परंपरेची बाजू म्हणून फार ताणू नये, आणि ती बंद केल्याने परंपरा बुडते असेही मानू नये. मराठीतही या शास्त्राची जाण होती. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी प्रकाशात आणलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथाला मराठी टीका आहे आणि तो १९८९ मध्ये बडोद्याहून छापला गेला.

आता बाहेरचे कोणते, याचा विचार करू. आपण ज्याला ऊद किंवा लोबान म्हणून विकत घेतो तो बहुधा सुमात्रा आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशांतील स्टायरॅक्स जातीच्या झाडांचा डिंक असतो; तो समुद्रमार्गे आला हे खरेच आहे. परंतु अगरु हे सुगंधी लाकूड आसामकडचे, कुष्ठ काश्मीरकडचा, जटामांसी हिमालयातली, चंदन कर्नाटकातले, आणि ज्या गुग्गुळाचा आग्रह धरला जात आहे तो राजस्थान व कच्छच्या कोरड्या रानातला. यातले मराठवाड्याचे असे काय उरते? बाहेरचे म्हणून एकेक द्रव्य वगळत गेलो तर धुपाटण्यात फक्त गोवरी राहील. (ती मात्र शंभर टक्के स्थानिक असते.)

दर्ग्यात घालतात म्हणून ऊद देवीला नको, हा युक्तिवाद मला व्यक्तिशः पटत नाही. खुलताबादला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे निधन १३३७ मध्ये झाले, म्हणजे तेथील उरुसाची, संदलाची आणि लोबानाची वहिवाट काही शतकांची आहे. आणि आपल्या गावागावांत सवारीपुढे ऊद घालणाऱ्यांत आणि देवीपुढे घालणाऱ्यांत तीच घरे असल्याचे आपणही पाहिले असेल. पूजाविधीच्या बाजूने विचाराल तर पंचोपचारात गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य येतात, आणि धूप अर्पण करतानाचा ‘वनस्पतिरसोद्भूतः’ हा मंत्र झाडाच्या रसातून उत्पन्न झालेला सुगंधी पदार्थ एवढीच अट घालतो. कोणते झाड आणि ते कोठले, हे मंत्र सांगत नाही.

काष्ठौषधी, जालना

वरील माहिती उत्तम आहे. आमचे काष्ठौषधींचे दुकान असल्यामुळे मी व्यवहाराची बाजू मांडतो, कारण गुग्गुळच जाळायचा असा ठराव करून बाजारातून भलतेच आणले तर ठरावाला अर्थ राहत नाही.

अस्सल गुग्गुळ तपकिरी, थोडा चिवट आणि सालीचे तुकडे चिकटलेला असतो. कोमट पाण्यात चोळला की पाणी दुधाळ होते, कारण त्यात राळेबरोबर डिंकाचा अंशही असतो. चीड (पाइन) झाडाचा बिरोजा स्वस्त, पिवळसर आणि ठिसूळ असतो, पाण्यात जसाच्या तसा राहतो, आणि निखाऱ्यावर पटकन वितळून काळा, झोंबणारा धूर सोडतो. पुष्कळ ठिकाणी गुग्गुळ धूप म्हणून जी चकचकीत खडी मिळते ती प्रामुख्याने बिरोजाच असते. ऊदाची ओळख त्याच्या गोडसर, व्हॅनिलासारख्या वासावरून होते. तो फार तापला तर त्यातील बेंझॉइक आम्ल उडून घशात ठसका बसतो. राळ म्हणजे साल वृक्षाचा निर्यास, तर साळईचा डिंक अनेक ठिकाणी नुसता धूप म्हणून विकला जातो. साळई आपल्याच राज्यात, सातपुडा-मेळघाटाच्या कोरड्या जंगलांत भरपूर आहे, त्यामुळे जवळचे द्रव्य हवे असेल तर माझ्या मते गुग्गुळापेक्षा साळईचा पक्ष अधिक भक्कम ठरेल.

आणखी एक गोष्ट बैठकीत अवश्य सांगावी. अधिक डिंक निघावा म्हणून खोल चिरा पाडल्यामुळे गुग्गुळाची झाडे मोठ्या प्रमाणावर वाळली आणि निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. औषधासाठी तो लागतोच. रोज मूठमूठ जाळण्यासाठी त्याची सक्ती करणे मला योग्य वाटत नाही. सणाच्या दिवशी चिमूटभर घालावा.

जाळण्याची रीतही महत्त्वाची आहे. लालभडक निखाऱ्यावर थेट खडा टाकला की तो पेट घेतो आणि सुगंधाऐवजी करपट वास येतो. निखाऱ्यावर राखेचा पातळ थर धरू द्यावा, मग भरड कुटलेले द्रव्य थोडेथोडे पसरावे.

बचत गट, लातूर

तुमच्या बत्त्या का भुरभुरल्या याचे उत्तर मी देते, कारण आमच्या गटातील बायका आधी काडीची कच्ची बत्ती वळत होत्या आणि आता बिनकाडीचा धूपही करतात.

काडीच्या बत्तीचे तंत्र वेगळे आहे. कोळशाची आणि लाकडाची पूड, बांधणीला जिगट ही चिकट सालीची पूड, हे मळून पाटावर काडीभोवती वळायचे, वाळवायचे आणि नंतर सुगंधी तेलात बुडवायचे, असा तो क्रम असतो. काड्या पूर्वी मोठ्या प्रमाणावर व्हिएतनाममधून येत. ऑगस्ट २०१९ मध्ये परदेशी अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरील आयात शुल्क १० वरून २५ टक्के झाले, तेव्हा आमच्या हिशेबाची सगळी घडी बदलली.

बिनकाडीच्या धुपात आधाराला काडी नसल्यामुळे सगळा भार बांधणीवर येतो. बांधणी म्हणजे मैदालकडीच्या सालीची पूड, तिलाच बाजारात जिगट म्हणतात. कोरड्या मिश्रणाच्या पाच भागांना एक भाग जिगट घेऊन सुरुवात करावी. कमी पडली तर बत्ती भुरभुरते, जास्त झाली तर ती लाकडासारखी कडक होऊन पेटत नाही. काही जण त्याऐवजी गव्हाचे पीठ घालतात, पण पिठाने जळका वास येतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

अर्ध्यावर विझण्याचे कारण बहुतेक वेळा राळ-डिंकाचे जास्त प्रमाण हेच असते. ऊद किंवा गुग्गुळ जळताना वितळतो आणि बत्तीतील बारीक छिद्रे बुजवतो, मग हवा मिळत नाही. म्हणून अशी सगळी द्रव्ये मिळून एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्याच्या आत ठेवावीत आणि बाकीचे जळण म्हणून वाळल्या गोवरीची वस्त्रगाळ पूड, चंदनाचा भुसा, नागरमोथा आणि वाळा यांचे घ्यावे. गुग्गुळ खलबत्त्यात कुटायला गेलात तर तो बत्त्याला चिकटून बसतो. तो रात्रभर कोमट पाण्यात भिजवून गाळावा आणि त्याच पाण्याने पीठ मळावे.

मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली तासभर मुरू द्यावा. वळलेल्या बत्त्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवाव्यात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उन्हात ठेवल्या की वरचा थर आधी आवळतो, आतला ओला राहतो आणि बत्ती उभी चिरते. श्रावण-भाद्रपदात उलट अडचण असते, त्या वेळी वाळायला तिप्पट वेळ लागतो. त्यामुळे नवरात्राचा धूप महालक्ष्म्यांच्या आधी, उघडीप मिळेल तेव्हा करून डब्यात भरून ठेवणे सोयीचे जाते.

दशांग धूप करायचा विचार असेल तर त्याचे एकच ठरलेले सूत्र नाही. एका प्रचलित श्लोकात कुष्ठाचे सहा भाग, त्याच्या दुप्पट गूळ, तीन भाग लाख, पाच भाग नख आणि पुढे हिरडा, राळ, नागरमोथा, गुग्गुळ अशी मोजणी येते. त्यातला नख हा समुद्री शंखाच्या प्राण्यापासून मिळतो, हे ठाण्यावर चालेल का ते आधी विचारून घ्यावे. गुळामुळे ही बत्ती लवकर दमट होते, तेव्हा ती वळण्यापेक्षा चूर्ण म्हणूनच निखाऱ्यावर घालावी असे मला वाटते.

औंढा नागनाथकर

चर्चा चांगली चालली आहे, पण एक मुद्दा सुटू नये. बांबू जाळल्याने शिशाचे विष पसरते असे संदेश मोबाइलवर फिरतात, ते आधार म्हणून बैठकीत वापरू नयेत. तिरडीचा संबंध असल्यामुळे नको, हे श्रद्धेचे कारण प्रामाणिक आहे आणि तेवढे पुरे आहे. धुराचा त्रास म्हणाल तर तो काडीच्या, बिनकाडीच्या, ऊदाच्या आणि गुग्गुळाच्या सगळ्याच धुरात असतो, कारण त्यातील बारीक कण फुप्फुसात जातात. ठाण्याचा गाभारा अरुंद आणि बिनखिडकीचा असेल तर धुपाटणे ओवाळून झाल्यावर सभामंडपात आणून ठेवावे. लहान मुलांना धुरी देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, काश्यप संहितेत धूपकल्प नावाचे प्रकरणही आहे. तरी दम्याच्या लेकराला धुरापासून दूरच ठेवावे.

तेरणाकाठ (जि. धाराशिव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पितळखोऱ्याच्या लेखाचा आणि तेरचा उल्लेख बैठकीत नक्की करीन. रोजसाठी साळईचा धूप, सणाला थोडा गुग्गुळ, आणि ज्यांच्या घरून पिढ्यानपिढ्या ऊद येतो त्यांचा ऊद पूर्वीप्रमाणे स्वीकारावा, असा मसुदा मी मांडणार आहे. ताई, एक शंका आहे: साळईच्या डिंकाचीही गुग्गुळासारखी भिजवून गाळणी करावी लागते का?

बचत गट, लातूर

नाही, दादा. साळईचा डिंक चांगला सुकलेला असेल तर सहज कुटला जातो. मात्र तो सकाळच्या गारव्यात कुटावा, दुपारी उष्म्याने मऊ पडतो आणि चाळणीची छिद्रे बुजतात. कुटताना त्यात थोडी गोवरीची पूड मिसळली तर गुठळ्या होत नाहीत. तेवढी पूड नंतर एकूण मापातून वजा करायला विसरू नका.