हॉट रॉडचे पुढचे सस्पेन्शन : रॉड एंड सुरक्षित की टाय रॉड एंड?

धाग्याचा प्रस्ताव
१९३२ च्या फोर्डच्या चासिसवर हॉट रॉड (जुन्या गाडीत बदल करून बनवलेली वेगवान गाडी) बांधताना अनेक जण मूळ विशबोन (पुढचा अ‍ॅक्सल चासिसशी जोडून जागी धरणारा व्ही आकाराचा दांडा) मधोमध कापून त्याची दोन टोके चासिसच्या दोन्ही बाजूंना नेतात. मीही तेच करणार आहे. या टोकांना कोणता जोड द्यावा, यावर मते हवी आहेत. माझा कल रॉड एंडकडे आहे. त्यात पोलादी गोळा पोलादी कडीत फिरतो, त्यामुळे ब्रेक जोरात दाबला तरी अ‍ॅक्सल जागचा हलत नाही आणि आटे फिरवून तो चासिसशी अचूक काटकोनात आणता येतो.

प्रतिसाद १
मी सहमत नाही. शर्यतीची गाडी वारंवार तपासली जाते. रस्त्यावरची गाडी महिनोन्‌महिने कोणी उचलून पाहत नाही, आणि उघड्या रॉड एंडला बूट (रबरी आवरण) नसतो. माझ्या गाडीचे चाक जॅकवर उचलून पुढेमागे हलवले, तेव्हा बोटांना हलकी टकटक जाणवली. जोड सोडवला, तर गोळ्याभोवती गंजाची तांबूस भुकटी होती आणि कडी एका बाजूने झिजून लांबट झाली होती. बाहेरून यातले काहीच दिसत नव्हते. टाय रॉड एंड म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा बॉल जॉइंट. त्याचा निमुळता खुंट भोकात घट्ट बसतो, कॅसल नटाला (खाचांच्या नटाला) तो सैल होऊ नये म्हणून स्प्लिट पिन असते आणि बूट धूळपाणी अडवतो.

प्रतिसाद २
माझ्या मते धोका जोडाच्या प्रकारापेक्षा तो बसवण्यात अधिक आहे. बोल्टला एकाच बाजूने आधार असला, की प्रत्येक ब्रेकला तो वाकू पाहतो. म्हणून रॉड एंड दोन पट्ट्यांच्या मध्येच धरावा. ते जमतच नसेल, तर मोकळ्या बाजूला कडीच्या भोकापेक्षा मोठा वॉशर हवाच, म्हणजे गोळा निसटला तरी कडी वॉशरला अडेल आणि दांडा खाली पडणार नाही. आटे निदान व्यासाच्या दीडपट आत गेलेले असावेत.

धागाकर्ता
वॉशरचा मुद्दा मान्य आहे. परंतु टाय रॉड एंडचा खुंटही एकाच बाजूने धरलेला असतो, त्याचे काय?

प्रतिसाद १
तो खुंट मुळात तसाच भार पेलण्यासाठी घडवलेला असतो. रॉड एंडची खरी अडचण कोनाची आहे. विशबोन कापल्यावर एकच चाक वर गेले, की अ‍ॅक्सलला पीळ बसतो. आय-बीम (इंग्रजी I आकाराच्या छेदाचा अ‍ॅक्सल) तो थोडाफार सोसतो, नळीचा अ‍ॅक्सल सोसत नाही, आणि सगळा जोर ब्रॅकेटवर व जोडांवर येतो. त्यातच कडी ब्रॅकेटला टेकली, तर गोळा फिरायचा थांबतो आणि रॉड एंड चेकनटापाशी (आटे जागी घट्ट धरणाऱ्या नटापाशी), आट्यांच्या मुळाशी वाकू लागतो. तुमचा अ‍ॅक्सल कोणता आहे?

धागाकर्ता
नळीचा. तेव्हा कापलेल्या विशबोनचा विचार सोडतो आणि दर बाजूला दोन समांतर दांड्यांची फोर-बार मांडणी घेतो. तिच्यात युरेथेन या प्लास्टिकचे कठीण बुश (जोडातली नळीसारखी अस्तरे) मला चालतील, मऊ रबर मात्र नको. बसवल्यावर स्प्रिंग काढून एकेक चाक पूर्ण वरखाली नेईन आणि कोणता जोड कुठे टेकतो का, ते पाहीन.