अनुभव धागा: हत्याकांडावरचा सिनेमा बघून रडू नक्की कुणासाठी आलं?

कोल्हापूरकर जमलेत तर विषय टाकतो. सिनेमा भारी का बकवास ते नको, स्वतःचं लिहा. मी कॉलेजात 'शिंडलर्स लिस्ट' बघितला, शेवटी ज्यूंना वाचवणारा शिंडलर म्हणतो ही गाडी विकली असती तर अजून दहा माणसं वाचली असती, तिथं ढसाढसा रडलो. नंतर डोक्यात आलं, मेले साठ लाख ज्यू आणि आपण रडलो ते नाझी पक्षाचा मेंबर असलेल्या कारखानदारासाठी.

राजारामपुरी
जालियनवाला मी दोनदा बघितलं. 'गांधी'मध्ये गोळीबार संपला की थेट डायरची चौकशी, म्हणजे राग येतो आणि मोकळं होतो. 'सरदार उधम'मध्ये गोळ्या थांबल्या तरी सिनेमा तिथनं हलतच नाही, रात्रभर पोरगा उधम हातगाडीवर एकेक जखमी ओढतोय. आई शेजारी बसलेली, "अरं पाणी द्या की रं कोणतरी त्याला" म्हणाली आणि उठून आत गेली. डायर तिच्या लक्षातपण नाही.

वळिवडे
आमच्या गावात १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, पाचेक हजार माणसं, बायका-पोरंच जास्त, रशियानं सायबेरियात नेऊन टाकलेली. महावीर गार्डनात स्मारक आहे, त्याच्यासमोरनं भेळ खात कितीदा गेलोय. 'कातिन' बघितला, १९४० ला रशियानं मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांवरचा, दिग्दर्शक वायदाचे वडील त्यातच गेले. त्यातल्या बायका वाट बघत बसतात तेव्हा वाटलं, आपल्या कॅम्पातल्या कितीजणी अशाच बसल्या असतील. आजी फक्त "गोऱ्या बायका" म्हणायची, आम्हीपण पुढं कधी विचारलं नाही.

शाहूपुरी
जरा वेगळं लिहितो, पटलं तर घ्या. असल्याच एका सिनेमाचा शो सुटला, पार्किंगमध्ये पोरं घोषणा द्यायला लागली. मेलेल्यांचं नाव नाही, सगळा जोर आता कुणाला धडा शिकवायचा यावर. मेलेली माणसं पडद्यावर दोन मिनिटं आणि मारणारा क्लोजपमध्ये तासभर, मग दुसरं काय होणार?

मंगळवार पेठ
वरच्याला +१. म्हणून मला 'शोआ' पटला. ज्यूंच्या हत्याकांडावरचा माहितीपट, १९८५ चा, साडेनऊ तासांचा, एकपण जुनं फुटेज नाही. छावणीतनं वाचलेला न्हावी केस कापता कापता बोलतोय, मध्येच थांबतो, पुढं बोलवत नाही त्याला. बॅकग्राउंडला संगीतपण नाही, आपलं आपण बघायचं.

राजारामपुरी
साडेनऊ तास?? भावा, आमच्या घरात तीन तासाला दोनदा चहा लागतोय. पण शाहू स्मारकला कुणी लावला तर डबा घेऊन येतो, आईला मात्र आणणार नाही.