२० मिमी चॅम्फर, लांबी ४००: हेड फिरवायचं की जॉब तिरका धरायचा?

कुपवाड_मिलिंग
ईएन-८ (मध्यम कार्बन स्टील) चे सहा ब्लॉक आहेत, साइज ६० × १०० × ४०० मिमी. १०० रुंदीच्या एका तोंडाच्या दोन्ही लांब कडांना २० × ४५° चॅम्फर (कड तिरकी कापणं) मारायचाय. टॉलरन्स ±०.२, वर फिनिश डोळ्यांना बरी दिसली पाहिजे म्हणतात. मशीन एम१टीआर (हातानं चालवायचं मिलिंग), ३ एचपी, आयएसओ ४० स्पिंडल. ४५ अंशाचा एचएसएस (हायस्पीड स्टील) कटर आहे, पण त्याची धार जेमतेम १२ मिमी. टप्प्याटप्प्यानं मारला तर जोडावर रेघ उमटते, आणि धार पूर्ण लागली की मशीन थरथरतं. हेड (कटर धरणारा वरचा भाग) ४५ ला फिरवू का? बाहेर व्हीएमसीला (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग) द्यायला रेट परवडत नाही.

टूलरूम_सातारा
आधी चॅम्फर केवढा आहे ते बघा. पाय (कोपऱ्यापासून प्रत्येक बाजूला जाणारं अंतर) २० चा म्हणजे तिरकं तोंड २८.२८ मिमी. १२ च्या धारेनं ते तीन पट्ट्यांत होणार. प्रत्येक वेळी झेड (वर-खाली) आणि वाय (पुढं-मागं) बरोबर सारखे सरकले पाहिजेत, स्क्रूच्या बॅकलॅशमध्ये (ढिलेपणात) ते होत नाही. रेघ त्याचीच. थरथर अख्खी धार एकदम गुंतल्यामुळं. तो कटर १-२ मिमीच्या कडा मोडायला ठेवा.

हेड फिरवायच्या आधी एक गोष्ट तपासा. हेड डावी-उजवीकडं कललं की तिरकं तोंड वाय दिशेनं तयार होतं. म्हणजे ४०० ची कड वायमध्ये लावावी लागेल आणि ट्रॅव्हल ४०० अधिक कटरचा व्यास एवढा लागेल. या साइजच्या मशीनला बहुतेक तेवढा नसतो. हेड पुढं-मागं कलणारं असेल तरच कड एक्समध्ये (टेबलाच्या लांबीत) ठेवता येईल. वर हेडच्या पट्टीवर ४५ लावून भागत नाही. अर्धा अंश चुकला तर एक पाय २० आणि दुसरा २०.३५ येतो, टॉलरन्स तिथंच संपला. आणि काम झाल्यावर हेड परत डायलनं (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) सरळ करत बसा.

जॉबच तिरका धरा.

मिरज_फिटर
सहमत. व्हाईसमध्ये मात्र तिरका धरू नका, दोन रेघांवर पकडलेला जॉब कट लागला की फिरतो. जोडीचे दोन व्ही-ब्लॉक (९० अंशाची खाच असलेले ठोकळे) घ्या, ३०० मिमी अंतरावर टेबलावर ठेवा. खालची कड व्हीमध्ये बसली की वरची कड आपोआप ४५ ला येते. व्हीची बाजू ३५-४० मिमी तरी हवी. जॉब बसवून त्याच्या तिरक्या बाजूवर एक्समध्ये डायल फिरवा, ४०० मध्ये ०.०२ च्या आत आणा.

क्लॅम्पिंगला डोकं लावावं लागतं. वरची कड कापायची, म्हणून दाबायला फक्त बाजूचे दोन कोपरे उरतात. व्हीच्या टोकापासून मोजलं तर एक कोपरा ४२.४ वर, दुसरा ७०.७ वर, आणि माथा ११३.१ वर. दोन्हीकडं क्लॅम्पची उंची वेगळी येणार, एकाच पॅकिंगचे तुकडे चालणार नाहीत. क्लॅम्पच्या टोकाला ४५ अंशाचा कट मारा, मध्ये पितळी पत्रा ठेवा, आणि दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीनं थोडेथोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली की जॉब व्हीतून उचलतो, डायलशिवाय कळतही नाही. फीडच्या समोर जॉबच्या टोकाला स्टॉपर लावा.

दुसऱ्या कडेच्या वेळी बाजूच्या ४२.४ वरच्या कोपऱ्याचा चॅम्फर झालेला असेल, तिथं पॅकिंग १४-१५ मिमीनं वाढवा.

कुपवाड_मिलिंग
व्ही-ब्लॉक आहेत, बाजू ४५ ची. कटर ५० चा फेस मिल (सपाट तोंड कापणारा), ४ इन्सर्ट (बदलता येणाऱ्या कार्बाइड धारा), चालेल? आणि किती खाली जायचं? कडेला टच करून शून्य धरलं तर?

टूलरूम_सातारा
५० चाच ठेवा. १०० चा घातलात तर क्लॅम्पला धडकेल. कार्बाइडला १२० मी/मिनिट धरा, ७५० च्या आसपास आरपीएम, फीड दातामागं ०.१, म्हणजे मिनिटाला ३००.

कटची खोली सगळीकडं एकच ठेवू नका. खोली जेवढी, रुंदी तिच्या दुप्पट. ३ मिमी खाली गेलात तर कटर फक्त ६ रुंदीला लागतो, १३ ला गेलात तर २६. सुरुवातीला ३-४ मिमीचे दोन कट बिनधास्त घ्या, पुढं २, मग दीड. लोक उलटं करतात, सुरुवातीला जपून आणि शेवटी घाईनं, म्हणून शेवटी आवाज येतो. फिनिशला ०.३ ठेवा, तेव्हा इन्सर्टची नवी धार फिरवा.

एकूण खोली १४.१४. पण कडेवरच्या टचवर विसंबू नका. बर (कडेला उरलेली धातूची कुसळं) असेल तर शून्य वर लागतं, कानस मारली असेल तर खाली. ०.२ ची कड मोडलेली असली तरी ०.१४ चा फरक. त्यापेक्षा १२.५ पर्यंत जा, बर काढा, तिरक्या तोंडाची रुंदी व्हर्नियरनं मोजा. २८.२८ मधून ती वजा करा, अर्धी करा, तेवढंच खाली जायचं. २५.६० आली तर १.३४ बाकी, त्यातलं १.०४ आता आणि ०.३ शेवटी. कड कशीही असली तरी हिशेब चुकत नाही.

दोन्ही पाय मात्र वेगवेगळे मोजा. रुंदी बरोबर आणि पाय १९.८ नि २०.२ असतील, तर जॉब व्हीत नीट बसलेला नाही किंवा खाली चिप अडकलीय.

शेपरवाला
कोपऱ्यात शेपर (पुढं-मागं धावणाऱ्या टूलनं कापणारं मशीन) धूळ खात असेल तर तोही बघा. टूलहेड ४५ ला कलवायचं, जॉब व्हाईसमध्ये सरळ. १८ इंची शेपरचा स्ट्रोक ४५७, ४०० च्या जॉबला आगेमागे २५-३० मिळतात, पुरतात. क्लॅपर बॉक्सचा (परतताना टूल उचलू देणारी बिजागरी) वरचा भाग कापल्या जाणाऱ्या तोंडापासून लांब फिरवा, नाहीतर परतताना टूल घासतं नि फिनिश जाते. फीड हातानं, वेळ जास्त. पण एका कडेला ८० घन सेंमी माल निघतो, बारा कडांचा साडेसात किलो. तेवढा रफ शेपरवर काढून मिलिंगला फक्त शेवटचा १ मिमी ठेवला तर इन्सर्टचा खर्च वाचेल.

कुपवाड_मिलिंग
शेपर आहे, पण त्याच्या व्हाईसचं तोंड १५० चं, ४०० चा जॉब दोन्हीकडं सव्वाशे लोंबणार. व्ही-ब्लॉकवरच करतो. क्लॅम्पच्या टोकांना आज कट मारून घेतो.

मिरज_फिटर
पहिला ब्लॉक झाला की उतरवून व्ही पुसा, मगच दुसरा ठेवा. सहाही वेळा.