मदत हवी आहे: एअर रायफलच्या स्टॉकला (लाकडी दस्त्याला) बेडिंग करायचंय, म्हणजे बंदुकीचा धातूचा भाग हलू नये म्हणून त्याच्या आणि लाकडाच्या मधली फट भरायचीय, होडीचं रेझिन चालेल का?

मंडळी, मी मालवणचा. माझ्याकडे छऱ्याची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, बॅरल (नळी) बिजागरीवर वाकवून भरायची, ४.५ मिमी, २० जूलच्या आतली, म्हणजे परवान्याची भानगड नाही. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला रायफल नेमबाजीत कांस्य घेतलं तेव्हापासून पुतण्याने डोकं खाल्लंय म्हणून परसात माडांच्या मागे १० मीटर आखून पुठ्ठ्यावर मारत असतो.

तर झालंय काय, मे मध्ये पाच छरे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे बसायचे आणि जुलैत तीच बंदूक तोच छरा, एक डावीकडे तर एक खाली, साइट फिरवून फिरवून वैतागलो मग बघतो तर स्टॉकचे स्क्रू ढिले! पावसात लाकूड फुगतं (आमचे दरवाजे पण गणपतीपर्यंत धड लागत नाहीत), मी स्क्रू आवळतो, खालचं लाकूड दबतं, दिवाळीत सुकलं की परत ढिले. एका दुकानात दिली तर त्याने नुसता सुतारकामाचा गोंद भरला, तो पुढच्या पावसात सुटला. आता स्वतःच करणार. शेजारी होड्यांना फायबर मारतात, त्यांचं रेझिन फुकट मिळेल, ते ओतू का? आणि ॲक्शन (स्टॉकमध्ये बसणारा धातूचा भाग) कायमची चिकटली तर?

उत्तर १
होडीवालं रेझिन बहुतेक पॉलिस्टर असतं, ते सुकताना आकसतं, मग बेडिंगचा उपयोग काय. इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) घे, सावकाश सुकणारी, पाच मिनिटंवाली नको, हात थरथरेपर्यंत घट्ट होते. पण त्याआधी बॅरल धरून हलवून बघ, बिजागरीत खेळ असेल तर स्टॉकला कितीही भरलंस तरी व्यर्थ. तुझा खरा आजार स्क्रूखाली दबणारं लाकूड आहे, तिथे ॲल्युमिनियमच्या नळीचे तुकडे बसव, स्क्रू नळीवर आवळला जाईल, लाकडावर नाही. आतलं तेल लागलेलं लाकूड खरवडून काढ, नाहीतर इपॉक्सी धरणारच नाही. ॲक्शनला बुटाच्या पॉलिशचा थर दे आणि प्रत्येक भोक, खाच पोरांच्या खेळण्यातल्या चिकणमातीने बुजव. एका खाचेत जरी इपॉक्सी शिरली तरी करवत आणावी लागेल, माझं झालंय!

उत्तर २
आणि घरात शेतसंरक्षणाची परवान्याची बंदूक असेल तर तिच्यावर हात साफ करू नकोस हां. तिची दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथनेच करायची.

धागाकर्ता
बिजागरी ठीक आहे, आत्ताच बघितली. पण भर पावसात भरू की लाकूड सुकल्यावर, मार्चमध्ये?

उत्तर १
मार्च! फुगलेल्या लाकडात भरशील तर सगळं मुसळ केरात.