उद्यमनगरातील बंद फाउंड्रीची शेड: पाडावी की वापरात आणावी?

जुनी_भट्टी यांचा प्रश्न

नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या आजोबांनी उभारलेली बिडाच्या ओतकामाची एक शेड आहे. पंपाची केसिंगे, ऑइल इंजिनांची फ्लायव्हीले आणि गुऱ्हाळाच्या चरकाचे सुटे भाग तेथे ओतले जात. पुढे वडिलांनी कपोला, म्हणजे बीड वितळवण्याची कोकवरची उभी भट्टी, बंद करून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत विजेवरची इंडक्शन भट्टी घेतली आणि तेव्हापासून, म्हणजे गेली सोळा वर्षे, ही शेड रिकामी आहे. तिची लांबी १२० फूट आणि रुंदी ४५ फूट असून आत एकही खांब नाही. चुन्यात बांधलेल्या दीड विटेच्या भिंती, छप्पर पेलणाऱ्या, रिव्हेट मारलेल्या लोखंडी कैच्या, त्यांवर सिमेंटचे पन्हळी पत्रे आणि धूर निघून जावा म्हणून माथ्यावर लांबच लांब उघडा ठेवलेला दुसरा छोटा छपरा, असे तिचे स्वरूप आहे. जमीन मोल्डिंगच्या, म्हणजे ओतकामाचे साचे घडवण्याच्या, काळ्या मातीची आहे, आणि मागच्या खोलीत सागवानी पॅटर्न (ज्यांवरून मातीत साचा उठवतात ते लाकडी नमुने) छतापर्यंत रचून ठेवलेले आहेत.

धाकट्या भावाचे म्हणणे असे की, शेड पाडून जागा विकसकाला द्यावी आणि मोकळे व्हावे. त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, कारण घरफाळा दर वर्षी भरावा लागतो, पत्रे दर पावसाळ्यात गळतात आणि उत्पन्न शून्य आहे. मात्र गेल्या तीन-चार पावसाळ्यांत शेजारच्या तालमीची मुले संध्याकाळी येथे मर्दानी खेळाचा सराव करतात. आम्ही किल्ली दिली आहे, भाडे घेत नाही. लाठी फिरवायला लागते तेवढी उंची आणि पडले तरी लागत नाही अशी मऊ जमीन त्यांना गावात दुसरीकडे मिळत नाही, असे वस्ताद सांगतात. ते पाहिल्यापासून ही इमारत पाडावी असे माझे मन घेत नाही.

अशा जुन्या औद्योगिक इमारतीचा नवा वापर कसा ठरवावा, प्रथम खर्च कशावर करावा आणि निदान घरफाळा व डागडुजी निघेल इतके उत्पन्न त्यातून कसे यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चुना_वीट यांचे उत्तर

मी वास्तुरचनाकार आहे आणि जुन्या बांधकामांची दुरुस्ती हेच माझे मुख्य काम आहे. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपणच लिहिले आहे, ते म्हणजे तालमीची मुले. बहुतेक मालक आधी कागदावर कॅफे, कलादालन, वस्तुसंग्रहालय अशी यादी करतात आणि मग इमारतीला त्यात कोंबतात. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे पत्र्याची पिंपे बनवणारा एक जुना कारखाना होता. तो पाडून नवे केंद्र बांधण्याचा विचार होता. लिना बो बार्डी या वास्तुरचनाकार बाई ती जागा पाहायला गेल्या, तेव्हा सुटीच्या दिवशी त्या शेडमध्ये मुले खेळत होती आणि कुटुंबे खाणेपिणे करत बसली होती. जे आपोआप चालले आहे तेच चालू राहील अशी सोय करायची, असे त्यांनी ठरवले. १९७७ साली सुरू झालेल्या त्या कामातून ‘सेस्क पॉम्पेया’ हे केंद्र उभे राहिले. तेथे कारखान्याच्या विटा आणि छप्पर तसेच ठेवून आत वाचनालय, कार्यशाळा आणि नाट्यगृह सामावले आहे. आज जगभरचे विद्यार्थी ते पाहायला जातात.

तेव्हा आपल्या शेडचे धन म्हणजे तिची खांबाविना मोकळी रुंदी, तिची उंची आणि माथ्यावरून येणारा उजेड व वारा. जो वापर या तिन्हींचा उपयोग करून घेतो तो टिकेल. जो वापर भिंती घालून, फॉल्स सीलिंग लावून आणि वातानुकूलन बसवून या तिन्ही गोष्टी झाकून टाकतो, त्याला ही शेड लागतच नाही, कोणताही गाळा चालेल. व्यायाम, नाटकाच्या तालमी, मोठ्या मूर्तींचे व देखाव्यांचे काम, सुतारकाम, फर्निचर जोडणी, लहान उत्पादकांच्या सामाईक कार्यशाळा हे सारे पहिल्या प्रकारात येते.

उत्पन्नाविषयी स्पष्ट बोलतो. केवळ सांस्कृतिक वापरावर इमारत तगत नाही. इंग्लंडमधील सॉल्टेअर येथील सॉल्ट्स मिल ही लोकरीची प्रचंड गिरणी १९८६ साली बंद पडली आणि पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली. तेथील डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रांच्या दालनाचे सर्वत्र कौतुक होते. परंतु त्याच आवारात इलेक्ट्रॉनिक्सचे उत्पादन करणारी एक कंपनी भाडेकरू म्हणून होती, हे कौतुक करणारे सांगत नाहीत. आपणही रस्त्याकडील २५-३० फूट भाग भाड्याने देण्यासाठी राखावा आणि उरलेला ९० फुटांचा भाग अखंड ठेवावा.

दोन धोक्यांकडे दुर्लक्ष करू नये. पहिला भिंतींचा. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते आणि काही वर्षांत विटेचा पापुद्रा गिलाव्यासकट सुटून येतो. विटांमधल्या दरजा चुन्यानेच भराव्यात. गवंडी ‘सिमेंट मारू, कायमचे होईल’ म्हणेल, त्याचे ऐकू नये. दुसरा धोका आगीचा. कारखान्यात वीस माणसे वावरतात, कार्यक्रमाला तीनशे येतात, आणि दार तेच एक असते. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. आपल्याकडे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हा जीवितहानी झाली नाही एवढेच नशीब. म्हणून महापालिकेकडून वापर बदलाची परवानगी, अग्निशमन विभागाचा दाखला आणि स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) या तीन गोष्टी भाडेकरू शोधण्याआधी कराव्यात.

मोल्डर_निवृत्त यांचे उत्तर

चुना_वीट साहेबांचे म्हणणे पटले, पण त्यांनी जमिनीकडे पाहिलेले दिसत नाही. मी ३८ वर्षे ओतकामात काढली आहेत, त्यामुळे माझी नजर आधी खाली जाते.

मालक, त्या मुलांचा सराव आजपासून थांबवा. रागावू नका, पण ज्या मऊ जमिनीचे वस्ताद कौतुक करतात ती जमीन म्हणजे सिलिकाची वाळू, बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची पूड यांचे मिश्रण आहे. त्यावर १,३०० अंशांच्या वर तापलेले बीड वर्षानुवर्षे ओतले गेले. उष्णतेने वाळूचा कण तडकतो आणि त्याची पिठासारखी भुकटी होते. आम्ही काम करत असताना माती ओली असायची, म्हणून धूळ कमी उडायची, आणि तरीही आमच्यातले कितीतरी जण धापा टाकत निवृत्त झाले. फुफ्फुसात गेलेली ही धूळ बाहेर येत नाही. सिलिकोसिस म्हणतात तो आजार हाच. सोळा वर्षे कोरडी पडलेली ती माती वीस मुले पायांनी उडवत आहेत आणि वरून लाठ्या फिरवत आहेत. कवडशात एकदा उभे राहून पाहा, धूळ डोळ्यांना दिसेल. आणि जी बारीक भुकटी खरी घातक असते ती तर दिसतही नाही.

ही माती काढायलाच हवी. किती खोल आहे हे पाहण्यासाठी सहा ठिकाणी पहारीने खड्डा घ्या. आमच्याकडे दोन फूट ते तीन फूट असायची. मोठी फ्लायव्हीले ओतण्यासाठी जमिनीत पिट, म्हणजे खड्डे, घेतलेले असतील, ते याहून खोल असतात आणि पुढे कोणीतरी स्लॅग (वितळलेल्या बिडावरची मळी), फुटके साचे आणि राख टाकून बुजवलेले असतात. त्यावर सरळ काँक्रीट ओतले तर दोन पावसाळ्यांत जमीन बसेल आणि फरशीला भेग जाईल. माती पाणी मारून ओली करूनच उचलावी आणि उचलणाऱ्यांना साधा रुमाल न देता धुळीचा मास्क द्यावा. जिथे फर्नेस ऑइलची टाकी होती तिथली तेलकट माती वेगळी काढून तिची तपासणी करून घ्यावी. ती ओढ्यात किंवा शेतात टाकू देऊ नये, ट्रॅक्टरवाला टाकायला तयार असतो.

पत्र्यांचेही तेच. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसाला घातक असे बारीक तंतू, असते. पत्रा शाबूत असेपर्यंत फारसा धोका नाही, पण त्याला भोक पाडले, करवत लावली किंवा वरून खाली आपटला की तंतू हवेत जातात. भिजवून, पत्रा धरून ठेवणारे जे-हुक सोडवून, पत्रा अख्खाच उतरवावा. नवे छप्पर घालताना माथ्यावरचा धुराचा छपरा बंद करू नये. तो आहे म्हणून एप्रिलमध्येसुद्धा आमच्यासारखी माणसे कपोल्यापाशी उभी राहू शकली.

खर्चाचा क्रम विचारलात तर आधी छप्पर, मग जमीन, मग वीज, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी.

जुनी_भट्टी

आपले उत्तर वाचून रात्री झोप लागली नाही. आज सकाळी वस्तादांना भेटून सर्व सांगितले आणि शेडला कुलूप लावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माती काढायला तालमीची मोठी मुले येतील असे म्हणाले. त्यांना मी नको सांगितले, हे काम माहितगार मजुरांकडूनच करून घेऊ. भावालाही दोन्ही उत्तरे दाखवली. त्याचे म्हणणे असे की, एवढा खर्च मातीत घालण्यापेक्षा विकलेलेच बरे.

गिरणीचा_भोंगा यांचे उत्तर

आपल्या भावाचा मुद्दा हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्यावर लिहितो. माझे वडील शाहू मिलमध्ये साचेवाले, म्हणजे कापडाचा माग चालवणारे, होते आणि आमच्या घरात डबा भरण्याची वेळ घड्याळावर नव्हे, भोंग्यावर ठरत असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली ती गिरणी २००३ साली बंद पडली. आवार सुमारे २७ एकरांचे आणि ऐन शहरात. तेथे शाहू महाराजांचे स्मारक व्हावे ही मागणी जुनी आहे, आराखड्यांची चर्चाही बरीच झाली. या काळात इमारती मात्र थांबून राहत नाहीत. पन्हळीत पाने साचतात, पाणी भिंतीत उतरते, फटीत पिंपळ रुजतो. २०२२ साली शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात याच आवारात प्रदर्शने आणि कार्यक्रम झाले, तेव्हा मी वडिलांना घेऊन गेलो होतो. ते आपल्या खात्याच्या दारापाशी बराच वेळ उभे राहिले आणि नंतर फक्त एवढेच म्हणाले की, ‘झाडून घेतलंय.’ मला त्या दिवशी कळले की, इमारतीला पूर्ण आराखडा मंजूर होईपर्यंत कुलपात ठेवण्याची गरज नसते. थोडी जागा झाडून, सुरक्षित करून, थोड्या काळासाठी वापरता येते.

मुंबईच्या गिरण्यांत उलटे झाले. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. परिणामी शहराच्या आणि घरांच्या वाट्याला फार थोडे आले. नियम कोणताही असो, जमिनीचा भाव इमारतीच्या किमतीच्या कैक पट झाला की इमारत हरते. तुमच्या भावाला दिसते आहे ते हेच, आणि त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही.

त्यापेक्षा दोघांत पाच वर्षांचा लेखी करार करा. जागेचे मूल्यांकन आजच करून त्यात नोंदवा. पुढचा ३० फुटांचा भाग आधी दुरुस्त करून भाड्याने द्या आणि त्या भाड्यातूनच मागची माती टप्प्याटप्प्याने काढा. मात्र दोन्ही भागांच्या मध्ये पक्का पडदा हवा, नाहीतर भाडेकरूच्या नाकातोंडात तीच धूळ जाईल. पाच वर्षांनी हिशेब जमला नाही तर विका, तोवर जागा कुठे पळून जात नाही. माझा अंदाज विचाराल तर मागच्या भागातून फार उत्पन्न येणार नाही, फार तर तो आपला खर्च आपण भागवेल. भावाला हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

जुनी_भट्टी

पाच वर्षांच्या कराराला भाऊ तयार झाला आहे, अट एवढीच की मूल्यांकन त्याच्या माहितीच्या माणसाकडून व्हावे. मला हरकत नाही. एक प्रश्न राहिला. पुढचा भाग मोकळा करायचा तर मागच्या खोलीतले पॅटर्न आधी हलवावे लागतील, कारण तिकडे जाण्याची वाट पुढूनच आहे. एक भंगारवाला जळणाच्या भावाने न्यायला तयार आहे. द्यावेत का?

मोल्डर_निवृत्त

मुळीच देऊ नका. जुन्या सागवानाचा भाव जळणाचा नसतो, ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी की, जुनी ऑइल इंजिने आणि चरक अजून कुठे कुठे चालू आहेत, त्यांचा एखादा भाग मोडला तर पॅटर्न नव्याने करण्यापेक्षा जुना शोधत लोक फिरतात. प्रत्येक पॅटर्नवर रंगाने किंवा ठोकून काही आकडे असतील. लाल, काळा, पिवळा रंगही उगाच दिलेला नसतो, कुठला पृष्ठभाग नंतर मशीनवर घासायचा आणि कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) कुठे बसणार हे त्यावरून कळते. येत्या रविवारी सकाळी मी येतो आणि कोणता पॅटर्न कशाचा ते ओळखून सांगतो. तुम्ही एक जाड वही, खडू आणि दोन चांगले मास्क आणा, आणि वस्तादांना म्हणावे दोन दांडगी पोरे पाठवा. पॅटर्न दारातून बाहेर पटांगणात आणायचे आहेत, तेवढ्या कामाला त्यांना हरकत नाही. मात्र आत जाण्यापूर्वी वाटेवर पाणी मारून ठेवा.