प्रतिसाद: ५ फेब्रुवारी १९६२ आणि न झालेला प्रलय

अष्टग्रहीला (आठ ग्रह एकाच राशीत जमण्याच्या योगाला, ज्याने म्हणे प्रलय होणार होता) फक्त अडाणी लोक घाबरले होते, हे वरचे मत मला मान्य नाही. नागपुरात महाल भागातल्या आमच्या वाड्यात सर्वांत जास्त धास्ती एका निष्णात वकिलांनी घेतली होती. प्रलयाआधी ऋणमुक्त व्हावे म्हणून त्यांनी वाण्याची जुनी उधारी चुकती केली आणि ६ तारखेला, जग शाबूत असल्याचे पाहून, त्याच वाण्याकडे पुन्हा खाते उघडले. (वाण्याने दरवर्षी अष्टग्रही यावी असा नवस केला असल्यास नवल नाही.)

एक गोष्ट मात्र चर्चेत आलेली नाही. मकर राशीत जमलेल्या त्या आठांपैकी केतू हा ग्रह नसून चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे छेदतात असा केवळ एक बिंदू आहे, आणि अमावास्येला सूर्य-चंद्र त्याच्याजवळ असल्यामुळेच ५ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहण झाले. तेही न्यू गिनी आणि प्रशांत महासागरावरून दिसले, नागपुरातून नाही; त्यामुळे ज्याची आम्ही इतकी तयारी केली होती, त्याची साधी सावलीही आमच्या अंगणात पडली नाही.