शिलाई मशीनचा आवाज आला की आई आठवते. असं का होतं?

काल शेजारून शिलाई मशीनची खडखड ऐकू आली आणि हातातलं काम तसंच राहिलं. आई रात्री मशीनवर बसायची. पायडल थांबलं की दातानं दोरा तोडल्याचा बारीकसा टक् आवाज, आणि पुन्हा खडखड. त्यातच मला झोप लागायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. फोटो रोज बघते, पण फोटोनं असं कधी होत नाही.

उत्तर १ : फोटो रोज बघता, म्हणून तो आजच्या दिवसांशीही जोडला जातो. त्या खडखडीला मात्र त्या रात्रींशिवाय दुसरं फारसं काही चिकटलेलं नसावं. शिवाय आवाज मेंदूतल्या अमिग्डालापर्यंत, म्हणजे भावनांशी निगडित भागापर्यंत, फार पटकन पोचतो आणि आठवणी जुळवणारा हिप्पोकॅम्पस त्याला अगदी लागून असतो. वाइल्डर पेनफील्ड या शल्यविशारदानं अपस्माराच्या रुग्णांच्या कानाजवळच्या मेंदूभागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा काहींना ओळखीचे आवाज ऐकू आले होते.

उत्तर २ : माझ्यासाठी बाबांचा किल्ल्यांचा जुडगा. अंधारात बोटांनी चाचपून ते नेमकी किल्ली शोधायचे, तेवढा वेळ तो वाजत राहायचा. अजूनही कुठे किल्ल्या वाजल्या की मान दाराकडे वळते. ताई, मशीन घरात असेल तर चालवून आवाज रेकॉर्ड करून ठेवा. मला हे सुचलं तेव्हा जुडगा हरवला होता.

प्रश्नकर्ती : आहे, माळ्यावर आहे. रविवारी उतरवून तेल घालते.